अंश असू शकतात

हासानंदच्या दुकानात मी आता
भिंग घेऊन जातो.
पहिल्या दिवशी तो हसला,
काका, एक्सपायरी पाहता काय?
म्हटलं, नाही रे बावा, दूध शोधतो.
दूध तिकडे फ्रिजात आहे, म्हणाला.

ते नाही. लपलेलं.

एकतीस वर्षं दूध विकलं मी,
गोकुळपेठेतल्या निळ्या बूथवर.
पहाटे चारला टेम्पो यायचा,
डिसेंबरात पिशव्या मोजता मोजता
बोटं लाकडाची व्हायची.
फुटलेली पिशवी आमच्या घरी.
वैदर्भी त्या फुटक्या पिशव्यांवर वाढली.
आणि आता पोट्टी पुण्याहून फोनवर सांगते,
बाबा, दूध सोडलं.
दही, तूप, ताक. मधसुद्धा.
रागावू नका.

रागावलो नाही.
थोडा वेळ फोन दुसऱ्या कानाला लावला.
तिची आई मागून म्हणत होती,
साय तरी चालते का, विचारा न.

सोमवारी येते आहे, चार दिवस.
दुपारी तोंडात टाकायला काही हवं घरात.
म्हणून हे भिंग.

हिरव्या ठिपक्याचा काही उपयोग नाही,
तो दुधालाही हिरवाच.
बटाट्याच्या चकत्या, समोर लालभडक टोमॅटो,
मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात
मिल्क सॉलिड्स.
निंबू-मिरचीचे मक्याचे तुकडे: व्हे पावडर.
म्हणजे दूध नासल्यावर वर येते ती निवळ,
बूथमागच्या कढीपत्त्याला घालायचो आम्ही.
तिची पावडर करून विकतात, हे कोणी
बोललं नाही मला त्या काळी.
केसिनेट. लॅक्टोज. सगळी आपलीच माणसं,
नाव बदलून राहणारी.
पूर्वी लॅक्टोमीटर बुडवून
दुधातलं पाणी पकडायचो.
आता बटाट्यातलं दूध पकडतो.

एक नुसताच आकडा, चारशे एकाहत्तर.
तो झाडाचा की जनावराचा,
पाकीट सांगत नाही.
पाकिटावरच्या नंबरला फोन लावला.
एक दाबा, तीन दाबा,
मग बराच वेळ बासरी.

आणि गंमत म्हणजे
सगळ्यात स्वस्त बिस्किट,
नावात लोणी, चित्रात लोणी, आत थेंब नाही.
नुसता वास.
बूथवर असतो तर लबाडी म्हटलं असतं.
दोन पुडे घेतले.

संत्रा बर्फीच्या दुकानासमोरून
मान खाली घालून आलो.
तिथे वाचण्यासारखं काही नाही,
खवा लांबूनच दिसतो.

गभणेबाईंच्या सांबारवडीला लेबलच नाही.
विचारलं, काय काय टाकता?
सांबार, खोबरं, खसखस, बेसन, आणि माझं डोकं.
मोहन?
तेलाचं. तुपाचं कोणाला परवडते, भाऊ?
मी म्हटलं, देवा.
त्यांना कळलं नाही मी एवढा खूश काहून.

शेवटी एक चिवडा सापडला.
पोहे, दाणे, डाळं, मीठ, हळद, साखर, तेल.
दोनदा वाचलं. निर्मळ.
तेवढ्यात घडीखाली एक ओळ दिसली:
या कारखान्यात दूधही हाताळले जाते.
अंश असू शकतात.

हासानंद गिऱ्हाइकात होता.
मी भिंग खाली नेलं,
माझ्याच तळव्यावर.
एकतीस वर्षं.
ही ओळ इथेही छापायला हवी होती,
अंगठ्याच्या बाजूला, जाड टाइपात.

घ्यायचं की नाही, काका?
रात्री फोन करून तिला ओळ वाचून दाखवली.
ती म्हणाली, तेवढं चालतं, बाबा.

उधारीच्या जुन्या वहीत लिहून ठेवलं आहे.
डावीकडे अजून आहेत त्यांची नावं,
मोहाडीकर दोन लिटर, शाळेच्या बाई अर्धा,
काहींचे पैसे अजून यायचे.
उजवीकडे: चिवडा चालते.
वडी चालते. बिस्किट, लोण्याचं, चालते.
फुटाण्यापुढे काही लिहिलं नाही.
ते सोमवारी स्टेशनाबाहेर घेऊ, भट्टीवरचे.
पुडीचा कागदही ती उलटून वाचेल,
सवय लागली असेल तिला.
जुना पेपर असेल कुठलातरी.